भिंतीपलीकडचा एकोणीस

चौथीच्या वर्गाची मागची भिंत तुरुंगाची होती. तुरुंग आधीचा, शाळा नंतरची. त्यामुळे त्या वर्गाला तीनच भिंती बांधाव्या लागल्या, चौथी आयती मिळाली. बाकीच्या जगात भिंतींना कान असतात, या भिंतीला तोंड होतं. रोज साडेअकराला ती बोलायची.

पलीकडे कैद्यांची सुतारशाळा होती. चाळीस जागा, प्रत्येक जागेला नंबर. माणूस सुटला, दुसरा आला, तरी जागेचा नंबर तोच. मधे फळ्यांच्या उंच थप्प्या, त्यामुळे दारात स्टुलावर बसलेल्या हवालदाराला निम्मी माणसं दिसायचीच नाहीत. तो कानांनी मोजायचा. साडेअकराला रंधे थांबायचे आणि आवाज सुरू व्हायचे. "एक." "दोन." "तीन." तेवढा वेळ चौथीचे गुरुजीसुद्धा खडू खाली ठेवायचे, कारण शिकवून उपयोगच नसायचा.

हजेरीत ज्याचा जो नंबर, तो पलीकडचा नंबर त्याचा जोडीदार. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चेहरा तर एकाचाही कुणी पाहिला नव्हता.

"माझा बारा आज रडवेला होता."

"तुझा रोजचाच रडका! माझा तीस ऐक, तोफ आहे तोफ."

"ए, माझा सात बदलला. नवीन आलाय. घाबरट आहे बिचारा."

शाळेच्या शिपाईबाईला सगळे मावशी म्हणायचे, हेडसरसुद्धा. साडेअकरा झाले की ती चौथीच्या दारात हजर. हातात कधी झाडू, कधी पाण्याची कळशी. निमित्त काय, कुठलंही चालतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत तिने हे एकदाही चुकवलं नव्हतं. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ती अर्धा तास कुठेतरी गायब झाली होती, आणि नवऱ्याने शेवटपर्यंत तिला त्यावरून टोमणे मारले. आता निवृत्तीला आठ दिवस उरले होते.

मावशी लहानपणी याच वर्गात शिकली. तिचा जोडीदार एकोणीस. नंबर सांगण्याआधी तो दोनदा खोकायचा, मग बोलायचा. एके दिवशी "अठरा" झालं आणि पुढे काहीच आलं नाही. खोकलाही नाही. जो गप्प राहतो त्याला मार बसतो, असं पोरं म्हणायची. नऊ वर्षांच्या त्या पोरीने भिंतीला तोंड लावलं, दोनदा खोकली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "एकोणीस."

पलीकडून लगेच "वीस" आलं. केवढा अभिमान वाटला होता तिला!

संध्याकाळी आई चुलीपाशी बापाला सांगत होती, "तुरुंगात एक जण गेला म्हणे. फळ्यांमागे पडला होता सकाळपासून. कुणी पाहिलंच नाही. दुपारची गिनती तर बरोबर भरली होती, म्हणतात."

पोरीच्या हातातला घास हातातच राहिला. तेव्हापासून आजपर्यंत तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. ना आईला, ना नवऱ्याला.

त्यानंतर एकोणीसच्या जागी कुणी टिकलं नाही, म्हणून ती जागा रिकामीच ठेवली. "अठरा", मग एका श्वासाएवढी फट, मग "वीस". त्या फटीत मावशीचे ओठ हलायचे. पोरांनी ते कधीच हेरलं होतं. "एकोणीस ना? तो मावशीचा," असं जुनी पोरं नव्या पोरांना सांगायची.

तो दिवस सोमवार होता. "एकवीस." "बावीस."

मग शांतता.

आणि तेवढ्यात वर्गाच्या आतून, शेवटच्या बाकावरून, जाड पुरुषी आवाज आला, "तेवीस."

"चोवीस," पलीकडून उत्तर आलं, आणि गिनती सुरळीत चाळीसपर्यंत गेली. टोल पडला. रंधे पुन्हा सुरू झाले.

शेवटच्या बाकावर चिमणी बसली होती, हजेरीतला नंबर तेवीस. सगळ्या वर्गात अंगाने लहान, म्हणून चिमणी. मावशीच्या हातातली कळशी खाली पडली. पाणी बाकांखालून थेट भिंतीपर्यंत गेलं.

"काय केलंस गं तू?"

"त्याला मार बसला असता, मावशी! झोप लागली असेल. वाचवलं मी त्याला."

"तो आवाज कुठून काढलास?"

"तो असाच बोलतो. रोज ऐकते ना मी."

मावशी तशीच ओल्या पायांनी हेडसरांच्या खोलीत शिरली. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि दार लोटून घेतलं.

"मावशी, तुरुंगाच्या गिनतीत आमची पोर घुसली, असं सांगायला जाणार तुम्ही? शाळेला टाळं लागेल. आठ दिवस राहिलेत तुमचे. सुखाने घरी जा."

"सर, तिकडे माणूस पडलाय."

"कशावरून? लघवीला गेला असेल!"

"असेलही. पण कुणी गप्प राहिलं तर मोजणारा थांबून बघतो. तो थांबला नाही, कारण आपण त्याची गिनती भरून दिली. आता त्या माणसाला शोधणार कोण?"

"तुम्ही कुठेही जायचं नाही. हा माझा हुकूम समजा."

"समजला," मावशी म्हणाली आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा परवानगीशिवाय शाळेच्या फाटकाबाहेर पडली.

तुरुंगाच्या मोठ्या दरवाजातली खिडकी उघडली. आत तोच कानांनी मोजणारा हवालदार होता, गिनतीचा आकडा द्यायला आलेला.

"काय मावशी, पोरगं पळालं की काय तुमचं?"

"तुमचाच एक कमी आहे, भाऊ. तेवीस नंबर बघा."

"आत्ताच मोजलेत. एकोणचाळीस, चोख."

"अडतीस आहेत. एक आवाज आमच्या वर्गातला होता."

"उन्हात फिरू नका, मावशी. डोक्यात जातं."

"मी दिला तो आवाज!" मावशी खिडकीच्या गजांना धरून म्हणाली. "मी दिला. खोटा दिला. आत घाला मला हवं तर. पण आधी डोळ्यांनी मोजा. एकदा तरी डोळ्यांनी मोजा!"

हवालदाराचं हसू विरलं. खिडकी बंद झाली. मग आतून शिट्टी ऐकू आली, धावणारी पावलं, फळ्या कोसळल्याचा आवाज. मावशी दरवाजाला टेकून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने खिडकी उघडली.

"थप्पीमागे पडला होता. तोंड काळंनिळं. पण श्वास चालू आहे, दवाखान्यात नेलाय. डॉक्टर म्हणाला, संध्याकाळपर्यंत राहिला असता तर संपलाच होता."

मावशीने डोळे मिटले.

"एक सांगू?" हवालदार हळू आवाजात म्हणाला. "पंधरा वर्षं मी माणसं कानांनी ओळखतो. तो आवाज तुमचा नव्हता. पोराचाही नव्हता. तो तेवीसचाच होता."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला हेडसरही चौथीच्या दारात आले. मावशीच्या शेजारी उभे राहिले. चिमणीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

"सतरा." "अठरा."

फट आली. आयुष्यात पहिल्यांदा मावशीने ओठ घट्ट मिटून घेतले.

पलीकडे कुणीतरी खोकलं. दोनदा.

"वीस."

छत्तीस माना मावशीकडे वळल्या. चिमणीने हात खाली घेतले आणि कुजबुजली, "मावशी, तुमचा आला."

तेवीसलाही फट पडली आणि गिनती चाळीसपर्यंत गेली. टोल मात्र पडला नाही. भिंतीपलीकडून हवालदाराचा आवाज आला. "थांबा रे. डोळ्यांनी अडतीस भरताहेत. खोकला धरून कानांनी एकोणचाळीस कसे? चला, पहिल्यापासून."

"एक."

मावशी उंबऱ्यावर खाली बसली. अठरा यायला अजून वेळ होता.