ड्रॉवरमधला वैदू

"वंदनाताई, वैदूचं औषध अर्धं करा. सीझनला पंधरा दिवस राहिलेत," मंदार म्हणाला आणि त्याने लॅपटॉप मिटला. मंदार आमचा बॉस. त्याने लॅपटॉप मिटला म्हणजे विषय संपला.

माझ्या शेजारी ऋचा बसली होती. ती पेनाचं टोपण चावत राहिली. वैदू तिने बनवलेला. डिझायनर म्हणून तिचं पहिलंच काम ते.

"आणि अर्ध्या औषधावरही ताळ्यावर नाही आला, तर काढूनच टाकू. तीन क्लास पुरे आहेत," मंदार जाता जाता म्हणाला.

आता हे सगळं काय ते सांगते. आमचं ऑफिस पुण्यात, वारज्याला. आम्ही मोबाइलवर खेळायचा गेम बनवतो. मारामारीचा आहे, पण नुसती मारामारी नाही. खेळणारा एक पात्र घेतो, राक्षस मारतो, हत्यारं-चिलखतं गोळा करतो, आणि पात्र हळूहळू तयार होत जातं. पात्रांचे चार प्रकार आहेत, त्यांना क्लास म्हणतात. पट्टेकरी दांडपट्टा फिरवतो, तिरंदाज लांबून मारतो, मांत्रिक आगी लावतो आणि वैदू सोबत्यांच्या जखमा भरतो. दर तीन-चार महिन्यांनी नवा सीझन येतो. सीझन म्हणजे सगळ्यांची पाटी कोरी. जुनं पात्र बाजूला ठेवायचं आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात.

या पाटी कोरी करण्याच्या वेळेला आम्ही चारही क्लासची ताकद पुन्हा तोलतो. कमी केली तर नर्फ, वाढवली तर बफ. हे तोलायचं काम माझं. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही. खेळाडूंच्या तक्रारींना उत्तरं द्यायला म्हणून मी इथे लागले, आणि तक्रारी वाचता वाचता खेळायलाही शिकले आणि तोलायलाही. सोपं आहे हो. चार जावांना एका डब्यातले लाडू वाटायचे. सगळ्या खूश होणं शक्यच नाही. सगळ्या सारख्याच कुरकुरल्या की जमलं म्हणायचं.

पण वैदूचं जमत नव्हतं. लोक सगळ्यात जास्त वैदूच घेत होते. तो सगळ्यात कमी मरत होता. तो बरोबर असला की मोठमोठे राक्षस पटापट पडत होते. मागच्या सीझनला मी त्याचं औषध थोडं कमी केलं, तर वैदू आणखी वाढले! नर्फ केल्यावर वाढणारा क्लास मी पहिल्यांदा पाहिला. मंदारला त्याचा राग होता. मला त्याचं कुतूहल होतं.

"ऋचा, चहा घे आणि इकडे ये," मी म्हटलं. "कापायच्या आधी पेशंट बघू तरी."

खेळाडूंच्या झुंजींची रेकॉर्डिंग आमच्याकडे असतात. त्यातलं एक लावलं. पट्टेकरी पुढे, वैदू मागे. वैदूभोवती हिरवं वर्तुळ असतं. त्या वर्तुळात जो उभा राहील त्याच्या जखमा आपोआप भरतात. पट्टेकऱ्याने राक्षस पाडला, सोनं सांडलं. पट्टेकऱ्याने आपल्या वाट्याचं उचललं. वैदूच्या वाट्याचं त्याच्या पायाशी पडलं होतं. तो त्यावरून चालत निघून गेला.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "ऋचा, मी पुण्यात जन्म काढलाय. फुकटचं सोनं ओलांडून जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

"दिसलं नसेल त्याला."

दुसरं लावलं. त्यातल्या वैदूनेही सोनं उचललं नाही. तिसऱ्यात तर किल्ल्याचं दार आलं, पट्टेकरी आत गेला आणि वैदू बाहेर भिंतीला नाक लावून चालतोय. पाय हलतायत, जागा तीच.

"हा बग असेल, कोडमधली चूक," ऋचा म्हणाली.

"बग सगळ्यांना एकसारखा आळशी कसा करेल?"

आमच्याकडे काही खेळाडू आपणहून नंबर देऊन ठेवतात, काही विचारायचं असलं तर फोन करा म्हणून. त्यातले एक बबनराव. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची आडत आहे त्यांची. पहिल्या रेकॉर्डिंगमधला पट्टेकरी त्यांचाच. गेममधलं नाव 'बबन'. मागे चालणाऱ्या वैदूचं नाव 'बबन दोन'. मी फोन स्पीकरवर टाकला. मागे गोणी आपटल्याचा आवाज येत होता.

"बबनराव, तुमच्याबरोबर तो वैदू असतो, बबन दोन. तो कोण खेळतं?"

"कोण म्हणजे? कोणीच नाही."

"असं कसं?"

"अहो ताई, तो माझा जुना फोन. काच तडकलीय, पण चालतोय की! टाकून कसा द्यायचा? दुकानदार एक्स्चेंजला घेताना तोंड वाकडं करतो. म्हटलं, राहू दे घरात. त्याच्यावर वैदू लावला. 'सोबत चाल' दाबायचं, चार्जरला लावायचा आणि गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये सारायचा. आपण बाहेर हाणामारी करायला मोकळे."

'सोबत चाल' हे बटण आम्हीच दिलेलं. नवे खेळाडू जंगलात हरवायचे, म्हणून. दाबलं की आपलं पात्र सोबत्याच्या मागे मागे जातं.

"असं अजून कोणी करतं का हो?"

"अजून? आख्खी लाइन करते. मागच्या वेळेला तुम्ही औषध कमी केलंत ना, तेव्हापासून शेजारच्या गाळेवाल्याने दोन वैदू ठेवलेत. त्याच्या बायकोचाही जुना फोन होता."

"बबनराव, चार्जिंगला लावून ड्रॉवर बंद करू नका हो. फोन तापतो."

"बरं बरं," म्हणाले आणि ठेवला.

मला हसू आवरेना. ऋचा मात्र हसत नव्हती. "म्हणजे माझा वैदू लोक ड्रॉवरमध्ये ठेवतात?"

"एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा ठेवतात. जागा धरली जाते. रुमाल काही प्रवास करत नाही."

मग डेटावाल्या मुलांकडून वैदूंचे दोन ढीग करून घेतले. झुंजीत ज्यांनी स्क्रीनला बोटही लावलं नाही ते एकीकडे, जे खरोखर खेळले ते दुसरीकडे. पहिला ढीग मोठा, आणि त्यातलं कोणी फारसं मरत नाही. मरेल कसं? पुढे जातंय कोण! दुसरा ढीग लहानसा, आणि तो चारही क्लासमध्ये सगळ्यात जास्त मरणारा. म्हणजे मागच्या नर्फची कात्री खऱ्या वैदूंना लागली होती, आणि ड्रॉवरवाल्यांनी नुसता आणखी एक फोन शोधला होता.

मंदार माझ्या मुलाच्या वयाचा. चहाला मी त्याला अरे म्हणते. मीटिंगमध्ये अहो. या वेळेला मी मीटिंग मागितली.

"अहो मंदार, अर्धं औषध केलंत तर घरोघरचे उरलेले फोन बाहेर निघतील. आपल्या लोकांकडे जुन्या फोनचा तुटवडा नाही."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"नर्फ नको. बफ द्या."

"सगळ्यात जास्त चालणाऱ्या क्लासला बफ? ताई, लोक हसतील."

"हसू देत. हिरवं वर्तुळ काढून टाकायचं. त्याच्या जागी औषधाची पुडी. पुडी खेळणाऱ्याने हाताने टाकायची, आणि ती आत्तापेक्षा दुप्पट जखम भरेल. जो खेळेल त्याला दुप्पट, जो ड्रॉवरमध्ये असेल त्याला शून्य."

"वैदूंचा आकडा पडेल."

"धाडकन पडेल. आत्ताच सांगून ठेवते."

"आणि पडून तसाच राहिला तर?"

मी तोंड उघडायच्या आत ऋचा म्हणाली, "तर पुढच्या सीझनला वैदू मी माझ्या हाताने काढून टाकते."

मंदार तिच्याकडे वळला. "ठीक आहे. एक सीझन," म्हणाला. या वेळेला लॅपटॉप त्याने हळू मिटला.

पुडी बनली. मी पट्टेकरी, ऋचा वैदू, असं खेळून बघितलं. पहिल्या दिवशी सगळा आनंद. पुडी नेम धरून टाकायची होती आणि मी पळत होते. मी मेले. आजूबाजूची झाडं मात्र ठणठणीत झाली असणार, सगळं औषध त्यांनाच लागलं. मग नेम काढून टाकला. कोपऱ्यात सोबत्याचं चित्र असतं, त्याला बोट लावलं की पुडी त्याच्याकडे. तेव्हा कुठे खेळात जीव आला. कोणाला वाचवायचं, कधी, पुडी आत्ता घालवायची की राखून ठेवायची, हे सगळं वैदूला ठरवावं लागायला लागलं. ऋचा हळूच म्हणाली, "मला हाच करायचा होता, ताई."

सीझन उघडला आणि शिव्या सुरू झाल्या. 'वैदू गेला', 'हा बफ असेल तर नर्फ कसा असतो?' एकाने तर वैदूच्या चित्राला हार घातला. आलेख असा उतरला की मंदार माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ताई, हा कडेलोट आहे."

"ड्रॉवर रिकामे होतायत रे. उरलेत त्यांच्याकडे बघ."

उरले होते थोडेच. पण ते दुसऱ्या दिवशी परत येत होते, तिसऱ्या दिवशी येत होते, आणि मरणं कमी झालं होतं. ऋचा रोज सकाळी आल्या आल्या तेवढाच आकडा बघायची, पर्ससुद्धा खांद्यावरच असायची. काही दिवस तो जागचा हलला नाही. मी तिला म्हटलं, दुधाकडे बघत उभं राहिलं की दूध वर येत नाही. मग तो हळूहळू चढायला लागला. पहिल्याएवढा कधीच झाला नाही, पण जो चढला तो खरोखर बोटं चालवणाऱ्या माणसांचा होता.

सीझन अर्धा सरला तेव्हा बबनरावांचा फोन आला. स्पीकरवर टाकला, मंदारही तिथेच होता.

"ताई, तुम्ही माझं वाटोळं केलंत."

"काय झालं हो?"

"जुना फोन घरी नेला, तर बायको म्हणाली, बघू काय आहे ते. आता वैदू ती आहे. काल मोठ्या राक्षसापुढे मी अर्धमेला, ओरडतोय, अगं पुडी टाक, पुडी टाक! तर म्हणते, आधी सांगा, दळण आणलं का?"

"आणलं होतंत?"

"नाही ना!"

"मग?"

"मग काय. मेलो. वर म्हणते, तडकलेल्या काचेतून मला नीट दिसत नाही, नवा फोन घ्या."

मंदार हसत हसत खुर्चीत बसला. ऋचाकडे वळून म्हणाला, "राहू दे तुझा वैदू." ती तिच्या जागेवर गेली आणि पुढच्या सीझनसाठी वैदूची दुसरी पुडी कागदावर काढायला लागली.

मी या धंद्यात यातून एवढंच शिकले. एखादी गोष्ट फार चालतेय असं आकडा सांगायला लागला, तर ती चालवतंय कोण, ते आधी फोन करून विचारावं. आणि तुमचाही जुना फोन ड्रॉवरमध्ये असेल, तर तेवढा चार्जरवरून काढून ठेवा. खरंच तापतो.