मागच्या नळावरचा जावई

ताट मीच उचललं. मीच मागच्या अंगणात नेलं. बाह्या सारल्या, नळ सोडला आणि उकिडवा बसून घासायला लागलो. अंगात लाल स्वेटर. सासरच्या पहिल्या ख्रिसमससाठी खास घेतलेला. आरशात मी त्यात गॅसच्या भरलेल्या सिलिंडरसारखा दिसलो होतो, तरी घातला. असा सिलिंडर नळाखाली बसलेला, आणि मागं दारात निम्मं सासर उभं.

भांडी घासणारी बाई धावत आली. मी म्हणालो, असू द्या, झालंच. ताट धुतलं, पाणी झटकलं, आत नेऊन टेबलावरच्या स्वच्छ ताटांच्या चळतीवर ठेवलं.

सासूची थोरली बहीण तिथंच होती. सगळे तिला पेद्दम्मा म्हणतात. तिनं माझं ताट दोन बोटांनी उचललं आणि बाईकडं दिलं. "अलवाटु पोदु कदा," ती म्हणाली. "हे मागंच ठेव. तुझ्या ताटाजवळ."

अलवाटु पोदु कदा. सवय जात नाही ना.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. बारा वर्षं आदिलाबादच्या कचेरीत कारकुनी केलेला माणूस, तेलुगू मला चांगलं कळतं. मला कळतं हे त्यांनाही माहीत. तरी हसलो. हसून झाल्यावर चळतीकडं पाहिलं.

पांढरी, निळ्या फुलांची, चिनी मातीची ताटं. वर्षातून याच दिवशी कपाटातून निघतात. सगळे त्यातच जेवले होते. मला स्टीलचं दिलं होतं. आणि मी काय केलं होतं? जेवताना बायकोला कोपरानं ढोसून म्हटलं होतं, "पाहा, जावयाचं ताट वेगळंच राहते." ती हसली नव्हती. मला वाटलं, मटण तिखट लागलं असेल.

आमचं गाव भीमपूरकडचं. माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. सणाला मालकाच्या घरी जेवण मिळायचं, गोठ्याच्या बाजूला. जेवण झालं की माय म्हणायची, "धू अन् पालथं ठेव भितीवर." आमचं ताट तिथंच राहायचं, उन्हापावसात. पुढं मी शिकलो, नोकरीला लागलो. शेकडो लग्नांत जेवलो, कधी उष्टं ताट धुवायला उठलो नाही. मग त्या दिवशी काऊन उठलो? ताट हाताला ओळखू आलं, डोक्याला नंतर.

बायकोच्या घराण्यानं तीन पिढ्यांमागं देव बदलला. जमीन ठेवली. जमिनीबरोबर जे येतं तेही ठेवलं. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत मंचेरियलच्या त्या घरातून एक फोन नाही. यंदा बोलावणं आलं. फोन ठेवून बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. त्या रडण्यासाठी मी स्वेटर घेतला होता. सकाळी चर्चमध्ये, गाणी येत नसताना, नुसते ओठ हलवले होते.

तिला मी जिन्याखाली गाठलं. ती मराठी माझ्या मायकडून शिकली. भांडतेही आमच्याच बोलीत.

"तुले माहीत होतं?"

"मम्मीनं काढून ठेवलं होतं. मी फक्त वाढलं."

"तुले माहीत होतं."

"आज नका बोलू ना. पाच वर्षांनं आली मी घरी. पाया पडते तुमच्या."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. हाताला आल्यालसणाचा वास येत असलेली ती माझी बायको, आणि तिनंच ते ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं होतं. सगळं तिथंच गिळून टाकणार होतो, खरं सांगतो. केकसुद्धा मागितला असता.

तेवढ्यात आमची पोरगी दिसली. चार वर्षांची. अंगणातल्या चांदणीच्या कंदिलाखाली मावसभावांच्या ओळीत बसलेली. तिच्यापेक्षा लहान पोरगंही निळ्या फुलांच्या ताटात भात सांडून राह्यलं होतं. तिच्यापुढं छोटं स्टीलचं ताट. ती उठली. दोन्ही हातांनी ताट धरून मागच्या नळाकडं निघाली. मला पाहिलं होतं ना तिनं. बाप करतो ते करायचं.

मी ते ताट तिच्या हातातून घेतलं आणि तिथंच जमिनीवर ठेवलं. तिला कडेवर घेऊन आत गेलो. चळतीतली दोन ताटं काढली. कोणाला विचारलं नाही. मटण वाढून घेतलं, बगारा भात घेतला. टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसलो, पोरीला शेजारी बसवलं. दोघांची पोटं गच्च भरलेली. तरी जेवलो. घास पाण्याबरोबर ढकलला. पोरीनं दोन शितं चिवडली. कोणी हसलं नाही.

"अल्लुडू," पेद्दम्मा म्हणाली. जावईबापू. "सणाचा दिवस आहे."

"हो," मी म्हणालो. "म्हणून तर बसलो."

हात धुतले. उष्टी ताटं टेबलावर तशीच सोडली. पोरीला घेऊन बस स्टँडवर आलो. बायको फाटकापर्यंत आली. तिथून पुढं आली नाही.

चार दिवसांनी तिचा फोन आला. आवाज बसलेला. "मम्मी म्हणते, पुढल्या साली सगळ्यांलेच स्टीलची ताटं ठेवू. मग तर झालं?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. कबूल करायचं नव्हतं.

"नाही झालं," मी म्हणालो. "तुह्या मम्मीनं माह्या मायसमोर बसावं. आपण काय केलं अन् काऊन केलं, ते तोंडानं सांगावं. तोवर मी येणार नाही. पोरगी तर नाहीच. तू तुह्या घरी ये. वाट पाहून राह्यलो."

"असं कोण करते हो? त्या म्हाताऱ्या हायेत."

"माय बी म्हातारी हाये."

ती रडायला लागली. मीही. फोन ना तिनं ठेवला, ना मी. तिनं विचारलं, "मग मी सांगू काय त्याईले?"

मी डोळे पुसले आणि तेच, शब्द न् शब्द, पुन्हा सांगितलं.