निवांत मांजर

घड्याळं दुरुस्त करणं सोडलं, तरी घड्याळजींच्या डोळ्यावरचं भिंग काही उतरलं नाही. आता मागच्या अंधाऱ्या खोलीत ते मशरूम न्याहाळत. दोन वाण, दोन माती, चार ट्रे. घाईने उगवून घाईनेच छत्री उघडणाऱ्या वाणाला त्यांनी नाव ठेवलं 'उतावळं'. उशिरा येणाऱ्या गुटगुटीत वाणाला 'निवांत'. कंपोस्टवर दीड इंच मातीचं पांघरूण घालायचं, आणि सगळी गंमत त्या पांघरुणात. शेतातली माती पाणी पिताच घट्ट बसली. उतावळं त्यातून चिखल माखून वर आलं, निवांतने तर डोकंच काढलं नाही. पण दुसऱ्या, हलक्या मातीत निवांत असं फुललं, की पांढऱ्या कोटाची बटणंच!

ही माती ताईच्या गच्चीवरच्या कुंड्यांतली. दोन वर्षं मुरवलेला पालापाचोळा. कुंड्या अर्ध्या झालेल्या पाहून थोरल्या बहिणीने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा घड्याळजी म्हणाले होते, "मांजर उकरतं गं." मांजराला गच्ची बंद झाली. ताई अधूनमधून ट्रे बघायला येई, म्हणून ट्रेवरच्या चिठ्ठीत वाणाच्या नावापुढे त्यांनी मातीचं नावही 'मांजर'च लिहिलं.

आज हॉटेलचा आचारी आला होता. त्याला माल पटला तर घड्याळजींना पहिलं गिऱ्हाईक मिळणार होतं. तो सगळ्यात फुललेल्या ट्रेवर वाकला आणि चिठ्ठी वाचू लागला.

"निवांत मांजर?"

"निवांत हा वाण."

"आणि मांजर?"

"ती... माती."

"मांजराची माती?" आचाऱ्याने हात झटकले. "काका, माझ्याकडे माणसं जेवतात हो!" तो दाराकडे वळला. दारात पाण्याचा ग्लास घेऊन ताई उभी.

खरं बोलावं तर ताई ऐकणार, गप्प बसावं तर गिऱ्हाईक जाणार.

"थांबा! ताईच्या कुंड्यांतली माती आहे ती. चांगली वाफवून घेतलीय. मांजराचा काही संबंध नाही, मीच चोरली."

आचाऱ्याने एक मशरूम मोडून हुंगलं. "मग दर आठवड्याला पाच किलो द्या."

ताईने ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं. "पाच किलोला कुंड्या किती लागतील रे?"

"सगळ्या," घड्याळजी पुटपुटले.

"देईन. आधी त्याची माफी माग."

"मांजराची?"

"हो. आणि निवांत माग. उतावळेपणा नको."

घड्याळजींनी मांजराला पुन्हा गच्चीवर नेलं आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले. मांजराने पाठ फिरवून अकरा मिनिटं पंजा चाटला. मग ते उठलं, एका उरल्यासुरल्या कुंडीत चढलं आणि खरंच उकरायला लागलं.