हिट की चूक?

अगं सुमे, जवळ असतीस तर कानच धरला असता, पुन्हा येणं कॅन्सल केलंस ना! इथे कॉलेजच्या बेसबॉल मॅचला माझ्या शेजारी मॅचचा अधिकृत स्कोअर लिहिणारे आजोबा बसतात. पेन्सिलीला टोक करत "लेट्स सी, लेट्स सी" पुटपुटतात. टीममध्ये खेळणाऱ्या त्यांच्या नातवाला सीझनभर स्वतःच्या फटक्यावर बेस गाठता आला नव्हता, म्हणजे एकही हिट नव्हती. शेवटच्या मॅचला त्याने मारलेला चेंडू समोरच्याच्या हातातून निसटला. सगळे ओरडले, "हिट!" आजोबांनी लिहिलं, पकडणाऱ्याची चूक. म्हणजे हिट गेलीच.

मी म्हटलं, "अहो, घरचाच आहे, द्या की!"

"दिसलं ते लिहितो, मॅम."

नातू सरळ गाडीत बसून गेला. आजोबा हात हलवत उभे. रुसवा काढायला तरी माणूस समोर हवं, बाई. लवकर ये.