लाल दोऱ्याची पुस्तकं

आमच्या शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं एकवीस वर्षं एकाच बाईने शिवली. बोटांना कायम मैद्याच्या खळीचा वास, म्हणून मुलं तिला खळमावशी म्हणत. शाळेच्या हजेरीपटावर ती नव्हती. वार्षिक अहवालात तिचं काम ‘किरकोळ दुरुस्ती’ या मथळ्याखाली येई, गळक्या नळांच्या लगेच नंतर.

तिची खोली जिन्याखाली. एक टेबल, पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा आणि खळीचं पातेलं. नवरा बाइंडर होता. त्याच्या शेजारी बसून ती काम शिकली, आणि तो गेल्यावर पातेलं तिच्याकडे आलं.

तिची एक पद्धत होती. पुस्तक पहिल्यांदा उसवलं की पांढऱ्या दोऱ्याने शिवायचं, दुसऱ्यांदा निळ्या, तिसऱ्यांदा लाल. शेवटच्या गाठीचं बोटभर शेपूट पुठ्ठ्याच्या वर मुद्दाम सोडायचं. मुलांना हे पहिलीपासून ठाऊक. ग्रंथालयाचा तास आला की लाल शेपटांवर झुंबड. तीनदा फाटेपर्यंत इतरांनी वाचलंय म्हणजे आत काहीतरी असणारच, एवढी समीक्षा त्यांना पुरे होती. शिक्षकांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं. मीही शिक्षकच.

यंदा शाळेने शिक्षक आणि पालकांसाठी बालसाहित्य मेळावा ठरवला. निमंत्रणपत्रिकेवर गुबगुबीत ससा होता आणि सशाच्या पायाशी बारीक अक्षरात ओळ होती: ‘कृपया लहान मुलांना सोबत आणू नये.’

पाहुणे ग्रंथालय बघणार, म्हणून ते नीटनेटकं करायला आम्हा तिघा शिक्षकांची समिती नेमली. निकामी वस्तूंवर लाल खूण करावी, असं एक जुनं परिपत्रक आहे. आम्ही लाल शेपटं पाहिली आणि कुणीतरी आपलं काम आधीच करून ठेवलंय म्हणून सुखावलो. खळमावशीला विचारायला जिना उतरावा लागला असता. तासाभरात त्रेसष्ट पुस्तकं चार पोत्यांत गेली. मागे राहिली ती मान्यवरांनी भेट दिलेली, उघडली की कुरकुरणारी पुस्तकं. कपाट कसं अगदी लख्ख दिसायला लागलं!

मेळाव्याच्या दिवशी खळमावशी इस्त्रीची साडी नेसून आली. पुस्तकांविषयी मोठा माणूस बोलणार, म्हणून ऐकायला. व्हरांड्यात तिला पोती दिसली. एकाच्या तोंडातून लाल शेपूट डोकावत होतं.

“हे काय रे दादा?” तिने शिपायाला विचारलं.

“रद्दी. पाचला टेम्पो येतोय.”

“रद्दी? अरे, परवा दिली ना मी शिवून! खळ तरी वाळू द्यायची!”

“मला काय सांगता मावशी? वरून आलंय.”

सभागृहात पाहुणे तज्ज्ञ सांगत होते की आजची मुलं वाचत नाहीत. पडद्यावर एक आलेख उतरत होता. पालक हळहळत होते, आम्ही माना डोलावत होतो. खळमावशी सरळ मधल्या वाटेने पुढे आली. हातात अस्वलाच्या गोष्टीचं पुस्तक.

“साहेब, मुलं वाचत नाहीत म्हणता. मग हे तीनदा फाडलं कुणी? उंदरांनी?”

लोक हसले. तज्ज्ञही हसले. “फार मार्मिक निरीक्षण! प्रश्नोत्तरं आपण शेवटी घेऊ हं, आजी.”

“शेवटी टेम्पो येतोय,” ती म्हणाली, आणि दोऱ्याचं सगळं तिथेच सांगून टाकलं. पांढरा, निळा, लाल. “जी पोरांनी जीव टाकून वाचली, नेमकी तीच पोत्यात भरलीत तुम्ही. समितीत कोण होतं?”

मी कार्यक्रमपत्रिका वाचत होतो. ती मी आधी दोनदा वाचली होती. सूत्रसंचालकांनी वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द करून चहाची घोषणा केली.

चहाच्या वेळी खळमावशी व्हरांड्यात, पोत्यावर बसलेली. टेम्पोवाला डोकं खाजवत उभा. मुख्याध्यापिका धावत आल्या.

“मावशी, पाहुण्यांदेखत हे काय चालवलंय? उठा बरं.”

“पुस्तकं कपाटात लावा, उठते.”

“अहो, यादीतून कमी झालीत ती. आता परत घेता येत नाहीत. तसा नियमच नाहीये.”

“चूक करायला नियम लागला नाही तो?”

“माझ्या हातात असतं तर…”

“तुमच्याच हातात आहे, बाई. आणखी कुणाच्या?”

मुख्याध्यापिकांनी घड्याळ पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “असं करा, तुम्हीच न्या घरी. फक्त लिहून द्या, रद्दी मिळाली म्हणून.”

“माझ्या घरी दहा बाय दहाची खोली आहे. तुमच्याकडे अख्खी शाळा आहे.”

“मग देऊ टेम्पोत?”

टेम्पोवाल्याने एका पोत्याला हात घातला, तशी खळमावशीने शिपायाकडून पेन मागून घेतलं. मेळाव्याच्याच पत्रिकेच्या पाठीवर, पोत्यावर टेकवून, तिने सावकाश लिहिलं: ‘चांगली पुस्तकं, त्रेसष्ट. शाळेला नको होती म्हणून नेली.’

“असं नाही चालत मावशी! ‘रद्दी’ लिहा. वर काय उत्तर देऊ मी?”

“मी शिवलेल्याला मी रद्दी लिहायची? हात झडतील माझे. हवं तर सही करा, नाहीतर मी बसलेय.”

फाटकाशी पाहुण्यांची गाडी सुरू झाली होती आणि ग्रंथालयात पाहुण्यांबरोबरचा फोटो राहिला होता. मुख्याध्यापिकांनी न वाचल्यासारखं करून सही केली आणि पदर सावरत धावल्या. फोटोत आम्ही समितीचे तिघेही आहोत, कपाटापुढे.