तिसऱ्या गाण्यातली घंटी

मला लिहिण्याची सवय नाही. नोकरीत असताना अर्ज लिहिले, शेरे लिहिले, तेवढंच. पण माझ्या भाऊजींबद्दल कुणीतरी चार ओळी लिहून ठेवायला हव्यात. ताई म्हणते, तिला वेळ नाही. राहता राहिलो मी.

भाऊजी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतात. आज एकोणऐंशीचे आहेत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर जाड हिरवं कापड. भिंतीवरच्या फळ्यांवर पत्र्याच्या डब्या, आणि त्यांवर भाऊजींच्या बारीक अक्षरात ‘सुया’, ‘पट्टे’, ‘स्प्रिंगा’. एका डबीवर लिहिलंय, ‘काय आहे माहीत नाही’. ती मी कधी उघडलेली पाहिली नाही.

त्यांच्याकडे एक तबकडी आहे, त्यांच्या विशीतली, म्हणजे साठच्या दशकातली. पिवळं कव्हर. त्यावर तीन मुलगे आणि दोन मुली एका टेकडीवर उन्हात डोळे बारीक करून उभी आहेत. गाणी उन्हाची, सुट्टीची, सायकलवरून भटकण्याची. पाच आवाज एकावर एक चढत जातात, मागून ट्रम्पेट येतो, आणि ऐकताना वाटतं की जगात कधी कुणाचा दातसुद्धा दुखलेला नाही. इंग्रजी शब्द आम्हाला अर्धेच कळायचे. ताईचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा ती दोघं ही तबकडी रोज लावत, आणि मी दारात उभा राहून ऐकत असे. आत ये म्हटल्याशिवाय आत जायचं धाडस मला तेव्हाही नव्हतं.

पुढे भाऊजींनी ती तबकडी कामाला लावली. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात पाचही आवाज एकदम थांबतात आणि त्या शांततेत एक चिमुकली घंटी वाजते. टिंग. दुरुस्त झालेल्या प्रत्येक यंत्रावर भाऊजी हीच तबकडी लावत आणि थेट त्याच गाण्यावर सुई टेकवत. घंटी स्वच्छ आली की सुई उचलून म्हणत, “चला, हा गेला घरी.” पन्नास वर्षं हाच शिरस्ता. तेव्हापासून घंटीच्या पुढे ते गाणं त्या खोलीत कधी वाजलंच नाही.

या घंटीवर त्यांनी स्वतःचंही भवितव्य टांगून ठेवलं होतं. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले त्या उस्तादांना म्हातारपणी ऐकू येईनासं झालं. ते कुणाला सांगेनात. दुरुस्त केलेली यंत्रं खरखरत परत येऊ लागली, गिऱ्हाईकं तोंडावर हसू लागली, आणि शेवटी मालकाने उस्तादांना मागच्या खोलीत खोकी बांधायला बसवलं. भाऊजींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ते म्हणत, “ज्या दिवशी मला घंटी ऐकू येणार नाही, त्या दिवशी दुकान बंद. मला खोकी बांधायची नाहीत.”

मी रोज सकाळी दहाला चहाला जातो आणि टेबलाजवळच्या स्टुलावर बसतो. गेल्या वर्षी एका सकाळी एका दंतवैद्याचा प्लेअर दुरुस्त होऊन टेबलावर होता. भाऊजींनी तबकडी लावली. आवाज चढत गेले, थांबले, पुन्हा सुरू झाले. भाऊजींचा हात सुईजवळ तसाच राहिला.

“ऐकलीस?” माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. वाटलं, घंटी वाजली असणार, माझेच कान गेले. हे चारचौघांना कळलं तर? मी म्हणालो, “हो. छान आली.”

भाऊजींचा चेहरा एकदम उतरला. का, ते मला त्या दिवशी समजलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक यंत्राचा आवाज जास्त टोकदार करू लागले. दंतवैद्य आठवड्याभरात परत आले. “अहो, हे माझ्या दवाखान्यातल्या यंत्रासारखं वाजतंय. बायको तोंड धरून बसते.” मी हसलो. भाऊजी हसले नाहीत.

मग त्यांच्या चोरून चाललेल्या परीक्षा माझ्या लक्षात येऊ लागल्या. मनगटावरचं घड्याळ काढून ते एकदा या कानाला लावत, एकदा त्या. गळक्या नळाखाली बादली ठेवून दारापर्यंत मागे मागे जात. ताई स्वयंपाकघरात असली की उगाच ओरडत, “किटलीची शिट्टी झाली का गं?” ताई म्हणे, “किटली अजून चढवलीच नाही!” दुकानाच्या दारावरची ‘बंद’ची पाटी आठवड्यातून तीन-तीन दिवस लटकलेली दिसायला लागली.

एका सकाळी ते फळीवरच्या डब्या खोक्यात भरत होते.

“या महिन्याअखेर बंद करतोय,” ते म्हणाले. “ताईला सांगू नकोस, मीच सांगेन. त्या दिवशी तुला घंटी ऐकू आली, मला नाही. तू बोललास म्हणून कळलं तरी. नाहीतर मीही उस्तादांसारखं हसं करून घेतलं असतं.”

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी चहा अर्धा टाकून उठलो. दोन दिवस मी तिकडे फिरकलोच नाही. माझ्या एका ‘हो’मुळे एका माणसाचं आयुष्य खोक्यात चाललं होतं. तिसऱ्या दिवशी मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलो आणि ताईला सगळं सांगितलं.

ताई माझ्याकडे बघतच राहिली. “अरे, त्या तबकडीत घंटी राहिलीय कुठे? दोन वर्षं पुसट होत होत आता पार गेली. मी रोज इथून ऐकते.”

“मग बोलली का नाहीस?”

“यांना माहीत असेल असं वाटलं! गावभरच्या बोथट सुया पन्नास वर्षं तिच्यावर घासल्या. लोकांच्या यंत्रांचे दोष काढता काढता स्वतःची तबकडी तासून काढली. आणि तू रे? खोटं बोलायला तुला हीच वेळ सापडली?”

तिने तिथूनच हाक मारली, “अहो, इकडे या!” आणि माझ्यादेखत सगळं सांगितलं. भाऊजी रागावले नाहीत. ते खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, “तबकडी झिजली हे खरं असेल. पण म्हणून माझे कान शाबूत आहेत असं थोडंच ठरतं?”

मग मी गावातल्या वाचनालयात गेलो.

तिथल्या बाईंनी कपाटातून त्याच तबकडीची दुसरी प्रत शोधून दिली. तिच्या कार्डावर एकाच माणसाची सही होती, म्हणजे ती फारशी वाजलेलीच नव्हती. तबकडी घरी आली आणि आठ दिवस टेबलावर तशीच पडून राहिली. भाऊजी तिच्या बाजूने जाताना अंग चोरून जात. पिवळ्या कव्हरवरची ती पाच हसरी तोंडं मला बघवत नव्हती.

रविवारी सकाळी ताईने स्वतःच ती प्लेअरवर चढवली. “तोंड भिंतीकडे करा,” ती म्हणाली. “सुईकडे बघून पाठ म्हणून दाखवाल.”

भाऊजी मुकाट्याने भिंतीकडे वळले. ताईने सुई टेकवली. आवाज चढले. किती ताजे होते ते! मला दारात उभा असलेला मी आठवलो. मग ते थांबले.

टिंग.

मला ऐकू आली. भाऊजींचं बोट वर गेलं होतं.

“आली!” मी ओरडलो.

“हे धरू नका,” भाऊजी भिंतीशीच बोलले. “ती जागा मला पाठ आहे. बहिरा झालो तरी बोट वर जाईल.”

सुई उचलणारा हात नेहमी भाऊजींचा, आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे. त्यामुळे गाणं पुढे चालू राहिलं. आवाज परत जमले, ट्रम्पेट आला, मग सगळं लांब जात जात विरू लागलं.

“परत,” भाऊजी म्हणाले.

“काय परत?” ताईने विचारलं.

“घंटी. अगदी शेवटी. लांबून. दोनदा वाजली.” ते वळले. “ही मला मुळीच आठवत नव्हती गं.”

ताईने मान हलवली. वाजली होती. तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि भरलेलं खोकं उचलून त्यांच्यासमोर आदळलं. “लावा आता सगळ्या डब्या जागेवर. मी हात लावणार नाही.”

भाऊजी हसले, कितीतरी महिन्यांनी. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुला आली ना रे, शेवटची?”

तोच प्रश्न. दोघंही माझ्याकडे बघत होती.

“नाही भाऊजी,” मी म्हणालो. “मला नाही आली.”

मग भाऊजींनी माझं स्टूल पायाने ओढून स्पीकरच्या अगदी जवळ नेलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला त्यावर बसवलं.

“तुझी सुई बदलायला झालीय,” ते म्हणाले. “बस. परत लावतो.”

मी हसलो. हात मात्र मांड्यांखाली दाबून धरले होते. पहिली तर ऐकू आली होती, पहिली तर आली होती, असं मी स्वतःला सांगत राहिलो, आणि भाऊजींनी सुई टेकवली.