कपाळावरचे तीन टाके

जिल्ह्याच्या दवाखान्यात मनोरुग्णांच्या वॉर्डात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा फार तापट होते. आमच्या मोठ्या सिस्टर माझ्या अगदी उलट. बोलणं कमी, चालणं सावकाश. या बाईंना राग येतच नसावा, असं मला वाटायचं.

दुसऱ्याच महिन्यात सेनगावकडच्या एका तांड्यावरची बाई दाखल झाली. आपलं लेकरू कोणीतरी उचलून नेणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं. घरी राहिलेल्या लेकराची झबली गाठोड्यात बांधून ती दिवसभर छातीशी धरून बसायची. एका सकाळी चादरी बदलायची घाई होती. मी तिला दोनदा उठ म्हणाले आणि तिसऱ्यांदा गाठोडंच ओढलं. तिने शेजारचा तांब्या उचलून माझ्या कपाळावर हाणला.

तीन टाके पडले. दुखण्यापेक्षा अपमानानेच मी जास्त रडले. नोकरी सोडते म्हणाले. मोठ्या सिस्टरनी मला चहा पाजला आणि घडलं ते रजिस्टरमध्ये लिहायला सांगितलं. वॉर्डात असं चालायचंच, लिहायचं काय त्यात, असं कोणीतरी म्हणालं.

"मार खाणं आपल्या नोकरीत येत न्हाई," सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आन् तू गाठोडं ओढलं, तेबी बराबर लिही."

मी मान खाली घालून लिहिलं.

मग मोठ्या सिस्टर त्या बाईच्या खाटेपासून दोन हात लांब जमिनीवर जाऊन बसल्या. भेव वाटून राहिलं का, एवढंच त्यांनी विचारलं. बाई रडायला लागली.

तुम्हाला राग येत नाही का, असं मी त्यांना नंतर विचारलं. त्यांनी बाही वर करून दंडावरचा जुन्या चाव्याचा व्रण दाखवला.

"लई येतो. उभ्यानं जास्त चढतो, म्हणून मी आधी खाली बसते."

चार दिवसांनी मीही तशीच बसले. पट्टी बघून बाईने विचारलं, "काहून लागलं, सिस्टर?"

खोटं बोलवेना. "तुमचा तांब्या लागला," मी म्हणाले. "मी गाठोडं ओढलं, तुमी भ्यायल्या."

तिने जवळ सरकून माझ्या पट्टीवर हलकेच फुंकर घातली.

महिन्याभरात ती बरी होऊन भावाबरोबर घरी गेली. अजून गोळ्या न्यायला येते. तुरीचे दिवस असले की पदरात शेंगा आणते. मोठ्या सिस्टर त्या मीठ घालून उकडतात आणि सोलता सोलता तिघींच्या गप्पा लांबतात.